थंड इंजिन आणि भरधाव रस्ता : यंत्राच्या पहिल्या दहा मिनिटांचा इतिहास

१/
डिसेंबर १९४१. मॉस्कोच्या पश्चिमेला बर्फात रुतलेल्या जर्मन मोटारींखाली सैनिक शेकोट्या पेटवत होते. शत्रूला दिसेल, इंधनाची टाकी भडकेल, ही दोन्ही भये ठाऊक असूनही ते पेटवत होते. कारण आत गोठलेले तेल सैल झाल्याखेरीज इंजिन एक फेराही फिरणार नव्हते. सहाच वर्षांपूर्वी याच राष्ट्राने जगाला आपले मोटार-महामार्ग मोठ्या अभिमानाने दाखवले होते. वेगाच्या स्वप्नावर पोसलेली ती यंत्रे थंडीपुढे लाकडाच्या ओंडक्यासारखी निपचित पडली होती.

२/
थंड इंजिन आणि महामार्गाचा वेग यांचे वैर हा वरकरणी गॅरेजमधल्या गप्पांचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात इंग्लंडमधील एक उडालेले बूच आहे, एका कचेरीतील ॲल्युमिनियमचा पेपरवेट आहे, लाखो जर्मन कुटुंबांची बुडालेली बचत आहे, आणि आज प्रत्येक पेट्रोल पंपावर दिसणाऱ्या तेलाच्या डब्यावरील एक अक्षरही आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/
आरंभ मोटारीपासून होत नाही. तो रेल्वेच्या चाकापासून होतो. १८८३ च्या सुमारास ब्रिटिश अभियंता बोशॅम्प टॉवर हा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स’ या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगमधील घर्षणाचा अभ्यास करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले. यंत्र सुरू करताच त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. त्याने बूच बसवले. ते बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही वर आली. शेवटी त्याने दाबमापक लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला.

४/
या बुचाचे कोडे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये गणिताने उलगडले. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत घुसवतो. पाचर ठोकावी तसे ते तेल तेथे दाटते आणि त्या दाबावर दांडा उचलला जातो. म्हणजे नीट चालणाऱ्या यंत्रात धातू धातूला टेकतच नाही. केसाहून बारीक अशा तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. आजही प्रत्येक मोटारीचा क्रँकशाफ्ट याच तत्त्वावर फिरतो.

५/
या शोधातच थंड इंजिनाचे दुखणे दडलेले आहे. दांडा तरंगण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पुरेशी गती, योग्य दाटपणाचे तेल, आणि ते तेल वेळेवर पोहोचणे. इंजिन बंद पडले की दांडा खाली टेकतो आणि तेल ओघळून तळाच्या भांड्यात जमते. पुन्हा सुरू करताना पहिले काही फेरे धातूवर धातू घासूनच होतात. त्यातच तेल थंड असेल, तर ते काकवीसारखे संथ वाहते. एकाच दाटपणाचे जुने तेल शून्य अंशावर जितके दाट असते, त्याच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याइतके ते उकळत्या पाण्याच्या तापमानाला उरते. एकाच डब्यातील हे द्रव्य, पण सकाळी आणि दुपारी त्याचे गुण अगदी वेगळे.

६/
दुसरे दुखणे धातूंच्या स्वभावाचे. १९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली हा तरुण इंग्रज अभियंता फ्रान्समधील डीएफपी मोटार कंपनीच्या कारखान्यात गेला असता त्याला तेथे ॲल्युमिनियमचा एक पेपरवेट दिसला. या हलक्या धातूचे पिस्टन का करू नयेत, हा प्रश्न त्याला सुचला. ओतीव लोखंडाच्या पिस्टनांपेक्षा ते हलके होते आणि उष्णताही लवकर बाहेर टाकत होते. त्याच्या मोटारी शर्यतींत चमकल्या, आणि पहिल्या महायुद्धात ही कल्पना विमानांच्या इंजिनांपर्यंत पोहोचली.

७/
या हलकेपणाची एक किंमत होती. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. म्हणून लोखंडी सिलिंडरात ॲल्युमिनियमचा पिस्टन बसवताना थंडपणी थोडी जास्त फट ठेवावी लागते, म्हणजे तापून फुगल्यावर तो नेमका बसतो. याचाच अर्थ असा की इंजिनाची मापे त्याच्या गरम अवस्थेसाठी आखलेली असतात. थंड इंजिन हे सैल शिवलेल्या अंगरख्यासारखे असते. पिस्टन त्यात किंचित हेलकावतो, भिंतींवर आपटतो. जुन्या मोटारी सकाळी खडखडत आणि थोड्या वेळाने शांत होत, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असे. तापण्याआधीच जोर लावला, तर पिस्टन झपाट्याने फुगतो आणि सभोवतालचे जड धातू मागे राहतात. फट सर्वत्र सारखी उरत नाही.

८/
तरीही पहिली पंचवीस-तीस वर्षे या दुखण्याचा फारसा बोभाटा झाला नाही, कारण रस्तेच वाईट होते. १९०८ मध्ये आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ पाहा. हिवाळ्याच्या सकाळी तिचे मालक किटलीभर गरम पाणी रेडिएटरमध्ये ओतत. गिअरच्या पेटीतील गोठलेले तेल चाकांना इंजिनाशी चिकटवून धरी, म्हणून एक मागचे चाक जॅकवर उचलून मगच पुढचा हँडल फिरवावा लागे. नाहीतर सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरके. इतका उपद्व्याप करून निघालेली गाडी खाचखळग्यांतून हळूहळूच जाई. इंजिनाला तापायला आपोआप सवड मिळे.

९/
१९१२ च्या कॅडिलॅक मोटारींमध्ये चार्ल्स केटरिंगने विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला. हँडलचा उलटा झटका बसून मनगट मोडण्याची भीती संपली, आणि ज्यांच्या मनगटात तो हँडल फिरवण्याइतके बळ नव्हते, त्यांनाही मोटार चालवता येऊ लागली. ही सुधारणा खरोखर मोठी होती. पण तिच्याबरोबर एक जाणीवही नाहीशी झाली. हँडल फिरवणाऱ्या हाताला तेल किती दाट आहे, यंत्र किती कुरकुरते आहे, हे प्रत्यक्ष कळत असे. बटण दाबणाऱ्या बोटाला ते कळत नाही. थंडीचा भार माणसाच्या खांद्यावरून उतरला आणि निमूटपणे बॅटरीवर व बेअरिंगांवर गेला.

१०/
मग रस्ते बदलले. २१ सप्टेंबर १९२४ रोजी इटलीत मिलान ते वारेसे हा केवळ मोटारींसाठी बांधलेला मार्ग खुला झाला. त्याचा कर्ता होता अभियंता पिएरो पुरिचेल्ली. ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे महापौर कोनराड आडेनॉवर यांनी कोलोन–बॉन या सुमारे २० किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटन केले. १९ मे १९३५ रोजी फ्रँकफुर्ट–डार्मस्टाट हा टप्पा सुरू झाला आणि नाझी राजवटीने ‘आउटोबान’ हे आपलेच अपत्य असल्याचा डांगोरा पिटला. आडेनॉवरांचा मार्ग हिटलर सत्तेवर येण्याआधीचा होता, हे प्रचारात सोयीस्करपणे गाळले गेले.

११/
या रस्त्यांनी इंजिनापुढे एक नवीच परीक्षा मांडली. जुन्या रस्त्यावर वळण येई, गाव येई, बैलगाडी आडवी येई. चालकाचा पाय वारंवार वर उचलला जाई. महामार्गावर तसे काही नव्हते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तासन्‌तास जाता येई. शहरात उत्तम चालणाऱ्या मोटारी येथे तापू लागल्या, त्यांची बेअरिंगे वितळू लागली. त्याच्या उलट टोकाची अडचणही तेथेच होती : घर महामार्गाजवळ असेल, तर कालची रात्र अंगणात काढलेले इंजिन काही मिनिटांतच पूर्ण जोरावर येई. अतितापणे आणि न तापणे हे दोन्ही शत्रू आता एकाच यंत्राच्या वाट्याला आले.

१२/
या दोन्ही शत्रूंना एकाच वेळी तोंड देण्याचा प्रयत्न फर्डिनंड पोर्शे यांच्या ‘लोकांच्या मोटारी’त दिसतो. १९३४ मध्ये त्यांना जर्मन मोटार उत्पादक संघाकडून हे काम मिळाले. अपेक्षा अशा : किंमत एक हजार राइशमार्कच्या आत, महामार्गावर ताशी १०० किलोमीटरचा वेग सतत टिकवण्याची क्षमता, आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन. हवेचा आग्रह साध्या कारणासाठी होता. ज्यांच्यासाठी ही मोटार होती, त्यांच्याकडे ऊबदार गॅरेज नव्हते. मोटार रात्रभर रस्त्यावर उभी राहणार होती. रेडिएटरमधले पाणी गोठून फुगले की धातूला तडा जातो. पाणीच नसेल, तर गोठणार काय? मात्र हवेने थंड होणारी मोटार ही पोर्शे यांचीच सूझ नव्हती. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका १९२३ पासून अशा मोटारी बनवत होता, आणि या साम्यावरून पुढे तंटाही झाला.

१३/
या मोटारीच्या इंजिनातील एक योजना अभ्यासण्यासारखी आहे. तेल थंड करणारा छोटा कूलर पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला होता. महामार्गावरील दीर्घ धावेसाठी तो आवश्यक होता. पण सकाळी, तेल आधीच थंड असताना, तेच दाट तेल कूलरच्या बारीक नळ्यांतून पाठवणे घातक ठरले असते. म्हणून वाटेत स्प्रिंगची एक झडप होती. तेल दाट असले की पंपाचा दाब वाढे, झडप मागे सरके आणि तेल कूलर टाळून थेट बेअरिंगांकडे जाई. तेल तापून पातळ झाले की दाब उतरे आणि झडप आपोआप कूलरची वाट मोकळी करी. तेलाचा दाटपणाच येथे स्वतःचा पहारेकरी बनवला होता. शिवाय इंजिनाचा जोर मुद्दाम मर्यादित ठेवला होता. मोटारीचा कमाल वेग आणि तिचा दिवसभर टिकणारा वेग जवळपास एकच होता.

१४/
अभियांत्रिकी प्रामाणिक होती, राजकारण नव्हते. २६ मे १९३८ रोजी कारखान्याची कोनशिला बसली. ९९० राइशमार्कांच्या मोटारीसाठी आठवड्याला किमान ५ मार्कांची तिकिटे विकत घेऊन ती एका पुस्तिकेत चिकटवायची, अशी बचत योजना जाहीर झाली. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी त्यात पैसे भरले. या योजनेतून एकालाही मोटार मिळाली नाही. युद्ध सुरू झाले, कारखाना लष्करी वाहने बनवू लागला, आणि तेथे हजारो कैद्यांकडून व परदेशांतून आणलेल्या लोकांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. बचतदारांचा दावा युद्धानंतर वर्षानुवर्षे न्यायालयात चालला आणि १९६१ मध्ये नव्या मोटारीवर सवलत किंवा अल्पशी रोख रक्कम, अशा तडजोडीवर मिटला.

१५/
इकडे इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात ‘इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल एंजिनिअर्स’ या संस्थेच्या संशोधनात सी. जी. विल्यम्स यांनी एका रूढ समजुतीला धक्का दिला. सिलिंडर झिजतात ते घर्षणाने, असे सगळेच मानत होते. प्रयोगांत दिसले ते वेगळे : सिलिंडरची भिंत थंड असताना झीज एकदम वाढते, आणि तिचे मोठे कारण घासणे नसून गंजणे आहे. पेट्रोल जळले की पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे साधारण तितकेच. इंजिन गरम असेल, तर ते वाफ होऊन धुरांड्यातून निघून जाते. भिंत थंड असेल, तर उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याबाहेर दव धरावे तसे ते भिंतीवर धरते. ज्वलनातून निघणारी आम्ले त्यात विरघळतात आणि धातू खातात.

१६/
त्यात भर पडे ती चोकची. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागे. न जळलेले पेट्रोल भिंतीवरून ओघळताना तेलाचा उरलासुरला थर धुऊन नेई. महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीला चोक अनोळखी नाही. पहाटे बजाजची स्कूटर कलती करून, चोक ओढून किक मारणारी मंडळी, किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या फियाटचा चोक किती वेळ ओढून ठेवायचा यावर वाद घालणारे टॅक्सीवाले, हे सगळे नकळत याच प्रश्नाशी झुंजत होते. चोक विसरून गाडी दामटणे म्हणजे तेल धुऊन काढलेल्या भिंतींवर पिस्टन धाववणे होते.

१७/
युद्धाने या प्रश्नाला जीवनमरणाचे रूप दिले. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांना इशारा मिळताच काही मिनिटांत आकाशात जावे लागे. मर्लिन इंजिन थंड असताना त्याच्याकडून उड्डाणाचा पूर्ण जोर मागणे म्हणजे धावपट्टीच्या टोकाला ते निकामी होण्याचा धोका पत्करणे. म्हणून जमिनीवरचे कर्मचारी उजाडण्यापूर्वीच प्रत्येक विमानाचे इंजिन चालवून तापवत, आणि सुरू करण्यासाठी लागणाऱ्या बॅटरीची गाडी विमानाला जोडून ठेवत. वैमानिकांची नावे इतिहासात राहिली. त्यांना ऊबदार इंजिने देणारे हात बहुतांशी अनाम राहिले.

१८/
पूर्व आघाडीवर हे गणित निर्दयी झाले. १९४१ च्या हिवाळ्यात पारा कित्येक रात्री उणे ३० अंशांखाली गेला. जर्मन सैन्याची मोहीम उन्हाळ्यात उरकेल, या हिशेबाने आखलेली होती. थंडीला साजेसे तेल, ग्रीस आणि गोठणरोधक द्रव्य पुरेसे नव्हते. बॅटऱ्या मंदावल्या, तेल घट्ट झाले. काही ठिकाणी इंजिने रात्रभर चालू ठेवावी लागली आणि आधीच अपुरे असलेले इंधन त्यात जळाले. याउलट सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला विजेच्या स्टार्टरखेरीज दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांची जोडही होती. बॅटरी हरली, तर हवेच्या झोताने इंजिन फिरवता येई.

१९/
येथे एक सावधगिरी हवी. ‘मॉस्को थंडीने वाचवले’ हे वाक्य लोकप्रिय असले, तरी अपुरे आहे. तेच तापमान सोव्हिएत सैनिकांच्याही वाट्याला आले होते. जर्मन आक्रमण डिसेंबरपूर्वीच लांबलेल्या रसदमार्गांनी, प्रचंड जीवितहानीने आणि चिवट प्रतिकाराने दमले होते. थंडीने त्या दमलेपणाची वसुली केली. ज्याने तयारी केली होती, त्याच्यासाठी हिवाळा अडचण होता. ज्याने केली नव्हती, त्याच्यासाठी तो आपत्ती ठरला. पाण्यावाचून चालणारी ‘क्युबेलव्हागन’ ही लोकांच्या मोटारीचीच लष्करी बहीण त्या थंडीत तुलनेने तग धरून राहिली. ज्या बचतदारांच्या पैशावर ती रचना उभी राहिली, त्यांना ती घरासमोर उभी दिसावयाची होती. दिसली ती रणभूमीच्या छायाचित्रांत.

२०/
थंडीवरचा एक उपाय ऐकायला उफराटा वाटतो : इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात पेट्रोल मिसळायचे. पातळ झालेले तेल रात्रभर घट्ट होत नाही, सकाळी इंजिन सहज फिरते. मग तापमान वाढले की मिसळलेले पेट्रोल उडून जाते आणि तेल पुन्हा आपल्या मूळ दाटपणावर येते. ही युक्ती सोव्हिएत, अमेरिकी आणि जर्मन अशा सर्वच विमानदळांनी वापरली. तिच्यातली मूळ कल्पना महत्त्वाची आहे. सकाळी एक तेल हवे आणि धावताना दुसरे. ही दोन तेले एकाच डब्यात कशी भरावीत, हा युद्धोत्तर रसायनशास्त्रापुढचा प्रश्न होता.

२१/
त्याची मोजपट्टी आधीच तयार होती. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस या दोन अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी तापमानाबरोबर तेलाचा दाटपणा किती बदलतो, याचा निर्देशांक मांडला. कमी बदलणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या तेलाला त्यांनी १०० गुण दिले आणि फार बदलणाऱ्या आखाती किनाऱ्याच्या तेलाला शून्य. १९५० च्या दशकात तेलात लांब साखळीचे रेणू मिसळणे रूढ झाले. थंडीत हे रेणू गुंडाळी करून बसतात आणि तेलाच्या वाहण्यात आडवे येत नाहीत. तापल्यावर ते पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. एकाच डब्यात दोन तेले भरण्याचे कोडे अशा रीतीने बरेचसे सुटले.

२२/
आज आपल्याकडच्या कुठल्याही पेट्रोल पंपावर ‘२०डब्ल्यू-५०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले डबे दिसतात. पुष्कळांना ‘डब्ल्यू’ म्हणजे वजन वाटते. ते अक्षर इंग्रजी ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे आहे. पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा गरम इंजिनातली. पहिला आकडा जितका लहान, तितके ते तेल थंड सकाळी लवकर धावते. मॉस्कोचा बर्फ, बेंटलीचा पिस्टन आणि महामार्गाची लांब सरळ रेघ, हे सारे त्या एका अक्षरात आणि दोन आकड्यांत मुरलेले आहे.

२३/
यानंतर बदलली ती सल्ल्याची परंपरा. ‘गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवर तापू द्यावी’ हा उपदेश कार्ब्युरेटरच्या काळात योग्यच होता. १९६७ मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवागनच्या मोटारीत आली. तापमान ओळखून पेट्रोल मोजून देण्याचे काम आता यंत्रच करू लागले आणि चोकचे राज्य हळूहळू मावळले. जागेवर उभे इंजिन फार थोडी उष्णता निर्माण करते. म्हणजे ज्या थंड अवस्थेत पाणी आणि आम्ले भिंतींवर धरतात, तीच अवस्था लांबते. गाडी सौम्यपणे चालवत नेली, तर ती लवकर संपते. जुना उपदेश खोटा नव्हता. ज्या यंत्रासाठी तो होता, ते यंत्रच उरले नाही.

२४/
कायद्यानेही तेच सुचवले. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे प्रवासातले बरेचसे विषारी वायू पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतात. म्हणून १९७५ च्या मोटारींपासून लागू झालेल्या अमेरिकी चाचणीत गाडी किमान १२ तास थंड ठेवून मगच सुरू करतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर इंजिन विनाकारण चालू ठेवण्यासच मनाई आहे. थंड इंजिन ही एकेकाळी मालकाची खासगी कटकट होती. आता ती शेजाऱ्याच्या श्वासाशी जोडली गेली.

२५/
उरतो मूळ प्रश्न : थंड इंजिन थेट महामार्गाच्या वेगावर न्यावे काय? इतिहासाचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. सुरू होताच निघावे, पण पहिले काही किलोमीटर जोर राखून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या ‘एम ५’ मोटारीत हे शहाणपण दिव्यांच्या रूपात बसवले. इंजिन थंड असताना फेऱ्यांच्या मापकावरची धोक्याची रेषा खाली असे, आणि तेल तापत जाईल तसे एकेक दिवे विझून ती वर सरके. मॉडेल टीचा हँडल हाताला जे सांगत होता, तेच हे दिवे डोळ्यांना सांगू लागले. स्टार्टरच्या बटणाने हिरावलेली जाणीव जवळपास नव्वद वर्षांनी परत मिळाली.

२६/
‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण इंजिनाच्या लेखी थंडीची व्याख्या निराळी. पाणी सुमारे ९० अंशांना आणि तेल त्याच्याच आसपास किंवा थोडे वर पोहोचले, म्हणजे ते गरम. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यातही रात्रभर उभे राहिलेले इंजिन आपल्या हिशेबाने अर्धे थंडच असते. महाबळेश्वरच्या जानेवारीत ते अधिक थंड असते, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी : बहुतेक मोटारींतला तापमानाचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो. तेल त्याच्या मागून, बऱ्याच सावकाशीने तापते. काटा मध्यावर आला, तरी तेलाला आणखी काही किलोमीटरांची उसंत लागते.

२७/
टॉवरने १८८३ मध्ये जे बूच ठोकले होते, ते वर ढकलणाऱ्या तेलाच्या थरावरच आजचा द्रुतगती मार्ग धावतो आहे. तो थर तयार व्हायला वेळ लागतो, एवढीच त्याची अट. ही अट न पाळता युद्ध आखणारे हरले. ती मोजून यंत्र रचणारे टिकले. आणि रोजच्या प्रवासात ती पाळण्यासाठी माणसाला फक्त आपला उजवा पाय पहिली दहा मिनिटे हलका ठेवावा लागतो.